नवसागराचा दोष किती?

मुंबईच्या उपनगरांत कुठे हातभट्टीवर छापा पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक यादी हमखास असते: काळा गूळ, नवसागर, तुरटी, पत्र्याचे डबे, आणि जागेवरच ओतून नष्ट केलेले काही हजार लिटर रसायन, म्हणजे गाळण्यापूर्वीचे आंबवलेले गुळाचे पाणी. ही यादी इतक्या वर्षांत इतक्या वेळा छापून आली आहे की विषारी दारूचे बळी म्हटले की आपल्या मनात आपोआप नवसागर येतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीतील लक्ष्मीनगर आणि आसपासच्या वस्तीत शंभराहून अधिक गेली आणि कित्येकांची दृष्टी अधू झाली. दोन्ही वेळी चौकाचौकांत चर्चा एकच होती. दारू लवकर चढावी म्हणून त्यात काहीबाही घालतात, नवसागर घालतात, युरिया घालतात, बॅटरीचे सेल टाकतात, आणि त्याचेच विष होते, असे लोक बोलत होते. हा समज खोटा आहे. निरुपद्रवी असता तर सोडूनही देता आला असता, पण त्यामुळे आपले लक्ष चुकीच्या पिंपाकडे जाते आणि खऱ्या विषाची वाट मोकळी राहते. रसायन आंबवताना त्यात जे घालतात त्याने दारू किती निघेल आणि तिच्यात काय काय उतरेल हे नक्की बदलते. माणसे मारणारे मिथेनॉल मात्र त्याने तयार होत नाही.

हे पटण्यासाठी पिंपात काय चालते ते आधी पाहू. गुळाच्या पाण्यातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गे-ल्युसॅकने मांडलेला हिशेब आजही तसाच वापरला जातो: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ९२ ग्रॅम अल्कोहोल, बाकीचे ८८ ग्रॅम वायू होऊन उडून जातात. उसाच्या साखरेला हाच हिशेब लावला तर १०० किलो साखरेतून जास्तीत जास्त ५४ किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे ६८ लिटर शुद्ध अल्कोहोल निघू शकते. ही निसर्गाची कमाल मर्यादा आहे आणि जगातला कोणताही पदार्थ पिंपात टाकून ती ओलांडता येत नाही. पाश्चरने पुढे दाखवले की ती गाठताही येत नाही, कारण साखरेचा विसावा हिस्सा तरी ग्लिसरीन, सक्सिनिक आम्ल आणि यीस्टच्या स्वतःच्या वाढीत खर्च होतो. साखर कारखान्यांच्या मळीवर चालणाऱ्या चांगल्या आसवन्या या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. झोपडीमागच्या पिंपात ते घडत नाही. तिथे यीस्ट अर्ध्यातच थकते, जिवाणू घुसतात, साखरेचा वाटा आंबटपणात जातो. म्हणजे आंबवताना घालायच्या पदार्थांना जे काही करता येते ते या गळतीच्या हद्दीत. गळती कमी करणे एवढेच त्यांच्या हाती असते. त्यांच्यामुळे साखरेबाहेरचे अल्कोहोल निर्माण होत नाही.

आता नवसागर. तो अमोनियम क्लोराइड आहे, आणि भांड्यांना कल्हई करणाऱ्याच्या पिशवीत तो पिढ्यान्‌पिढ्या असतो. त्याच्या वजनाचा सुमारे २६ टक्के भाग नत्र असतो, आणि पिंपात त्याचे काम होते ते या नत्रामुळेच. यीस्ट हा जीव आहे. त्याला नुसत्या साखरेवर वाढता येत नाही. पेशी उभारायला प्रथिने लागतात आणि प्रथिनांना नत्र. द्राक्षरसाच्या अभ्यासात लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅम उपयोगी नत्र ही किमान पातळी मानतात. त्याखाली आंबण्याची क्रिया रेंगाळते किंवा मध्येच बंद पडते. गूळ आणि मळी दोन्हींत साखर भरपूर असते, पण यीस्टला सहज उचलता येईल असे नत्र कमी. म्हणून परवानाधारक आसवन्या मळीत युरिया आणि डायअमोनियम फॉस्फेट घालतात. हे दुसरे नाव शेतकऱ्याला डीएपीच्या गोणीवरच्या १८:४६ या आकड्यांमुळे पाठ असते. नाशिककडच्या वाइनरीतही गरज पडली तर द्राक्षरसात डीएपी पडते. हातभट्टीवाल्याला नत्राचे गणित कुणी शिकवले नसेल, पण नवसागर टाकला की रसायन लवकर उसळते आणि चार दिवसांचे काम दोन दिवसांत होते हे त्याने पाहिले आहे. त्यात आणखी एक गोष्ट घडते. यीस्ट अमोनियम उचलते तेव्हा द्रावणात आम्ल सोडते, रसायनाचा आंबटपणा वाढतो आणि काही उपद्रवी जिवाणूंना त्यात टिकणे अवघड जाते. सेल टाकण्याच्या अफवेचे मूळही बहुधा इथेच असावे, कारण जुन्या पद्धतीच्या कोरड्या सेलमध्ये नवसागराचीच लुगदी असे. सेल टाकणे भयंकरच, कारण त्यातले इतर धातू पिंपात उतरतात. पण त्यामागची समजूत नवसागराचीच आहे. आणि नवसागर हे मीठ आहे. आंबट रसायन उकळले की ते भांड्यातल्या गाळातच राहते. वाफेबरोबर नळीतून धारेत येत नाही.

उत्पन्नाइतकाच दारूच्या घडणीचा भाग महत्त्वाचा आहे आणि सामान्य वाचकापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. गाळलेल्या दारूत अल्कोहोल आणि पाण्याखेरीज शेकडो पदार्थ अल्प प्रमाणात असतात: आयसोअमाइल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोले, इथाइल अॅसिटेटसारखी सुवासिक एस्टरे, अॅसिटाल्डिहाइड, गंधकाची संयुगे. दारूचा वास, घशातली जळजळ आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचा काही वाटा यांच्याकडे जातो. १९०७ मध्ये जर्मन रसायनज्ञ फेलिक्स एहर्लिखने दाखवले की जड अल्कोहोले अमिनो आम्लांपासून येतात. यीस्टला हवा असतो त्या आम्लातला नत्र. तो काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा ते अल्कोहोलच्या रूपात बाहेर टाकते. यावरून नत्र घालण्याचा परिणाम समजतो. सहज मिळणारे अमोनियम पुरेसे असेल तर यीस्ट अमिनो आम्ले फोडायच्या मागे कमी लागते आणि जड अल्कोहोले साधारणपणे घटतात. नत्राची उपासमार झाली तर ती वाढतात, आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. म्हणजे बेताने घातलेला नवसागर किंवा डीएपी दारू थोडी स्वच्छच करते, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. याला मर्यादाही आहेत. मुंबईच्या एप्रिल-मेमधल्या उकाड्यात पत्र्याखालचे पिंप तापते, यीस्ट सुसाट सुटते आणि उष्णतेने हीच जड अल्कोहोले पुन्हा वाढतात. मोठ्या आसवन्या टाक्या थंड ठेवण्यावर एवढा खर्च करतात तो यासाठीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून आसवन्यांना निवडक यीस्ट मिळते, मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत मद्यार्क तंत्राचे शिक्षण आणि संशोधन चालते. म्हणजे जो प्रश्न भट्टीवाला अंदाजाने सोडवतो, तोच प्रश्न महाराष्ट्रातला एक मोठा उद्योग मोजमापाने सोडवत आला आहे.

या सगळ्यात खरा संशय घ्यावा असा एक पदार्थ आहे, आणि तो युरिया. त्यात नत्र ४६ टक्के, किंमत कमी, गोणी कुठेही मिळते. पण यीस्टने न खाल्लेला युरिया अल्कोहोलच्या सोबतीत राहिला, विशेषतः तापला, की त्यातून इथाइल कार्बामेट तयार होते. १९८५ मध्ये कॅनडाने बाजारातल्या मद्यांत हा पदार्थ आढळल्यावर जगात पहिल्यांदा त्यावर मर्यादा घातल्या. गाळलेल्या दारूसाठी ती अब्जभागांत १५० भाग आहे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकले. अनेक देशांनी वाइनमध्ये युरिया घालणे थांबवले ते यामुळे. आपल्याकडे मळीच्या आसवनीत युरिया पडतो तेव्हा पुढे अनेक टप्प्यांच्या उंच स्तंभांतून मद्यार्क शुद्ध होतो, म्हणून धोका घटतो. एका डब्यात एकदाच गाळणाऱ्या भट्टीत अशी चाळणी नसते. माझ्या मते पोषणद्रव्यांच्या चर्चेत जनतेने काही विचारायचे असेल तर हे विचारावे: युरियाऐवजी डीएपी का नाही, आणि बाटलीतल्या इथाइल कार्बामेटची तपासणी कितपत होते? हा धोका खरा आहे. पण तो वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आहे. एका रात्रीत वस्ती उजाड करणारे विष हे नव्हे.

इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल की आंबवण्यात मिथेनॉल मुळीच होत नाही असे कसे म्हणता? होते. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते, पेक्टिनला मिथाइल गट चिकटलेले असतात, आणि ते एन्झाइमने सुटले की मिथेनॉल तयार होते. रस जास्त निघावा म्हणून फळांच्या लगद्यात पेक्टिनेज हे एन्झाइम घालतात, त्याने उत्पन्न वाढते आणि मिथेनॉलही वाढू शकते. आंबवताना घालायच्या पदार्थांपैकी मिथेनॉलवर थेट परिणाम करणारा नाव घेण्याजोगा पदार्थ हाच. काजूबोंडाच्या फेणीत, आलुबुखार किंवा सफरचंदाच्या युरोपीय दारूत मिथेनॉल म्हणूनच सापडते. २००९ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या गोव्याच्या फेणीसाठी बोंडांचा रस आपल्या आपण आंबू देण्याची परंपरा आहे. आता प्रमाण पाहू. युरोपीय संघाने फळांच्या दारूसाठी घातलेली सर्वसाधारण मर्यादा शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे १० ग्रॅम मिथेनॉल अशी आहे. ४० टक्क्यांच्या दारूत ते लिटरमागे ४ ग्रॅम भरते. माणसाला मारायला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे २४ ग्रॅम मिथेनॉल पुरते असे धरले, तर या मर्यादेवरच्या दारूचे सहा लिटर एका बैठकीत प्यावे लागतील. त्याच्या खूप आधी साध्या अल्कोहोलनेच माणूस मरेल. शिवाय साधे अल्कोहोल हा मिथेनॉलचा उतारा आहे. यकृतातले एकच एन्झाइम दोघांना फोडते आणि ते साध्या अल्कोहोलला कितीतरी आधी धरते, त्यामुळे तोवर मिथेनॉलचे विषात रूपांतर रोखले जाते. हे झाले पेक्टिनवाल्या फळांचे. गुळात पेक्टिन जवळजवळ नसतेच. गूळ, पाणी, यीस्ट आणि नवसागर यांतून पिंपभर रसायन कितीही दिवस सडवले तरी त्यात माणसे मारण्याइतके मिथेनॉल येणार नाही, कारण ते ज्यातून यायचे तो कच्चा मालच तिथे नाही.

मग मालवणीत ते आले कुठून? तपासात निघाले की औद्योगिक मिथेनॉल गुजरातेतून आणून, त्यात पाणी घालून ते दारू म्हणून विकले गेले. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणात चौघांना दोषी ठरवले. जुलै २०२२ मध्ये गुजरातेतल्या बोटाद भागात आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत माणसे मेली ती मिथेनॉलनेच. बोटादला तर एका कारखान्यातून चोरलेले मिथेनॉल पाण्यात मिसळून सरळ विकले होते. आंबवणे नाही, गाळणे नाही, भट्टीच नाही. विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर कारण उघड आहे. गूळ आंबवायला जागा, पाणी, लाकूड आणि तीन-चार दिवस लागतात, वासाने आणि धुराने सगळ्या वस्तीला कळते. रंग, औषधे, फॉर्मल्डिहाइड यांच्या कारखान्यांना लागणारे मिथेनॉल पिंपातून तयार मिळते, अल्कोहोलसारखेच दिसते, जवळपास तसाच वास येतो, त्यावर मद्याचा कर नाही, आणि एका रात्रीत शेकडो पिशव्या भरून होतात. छापे भट्ट्यांवर आणि गुळावर केंद्रित राहिले तर धंदेवाल्याला धूर न होणाऱ्या मालाकडे वळण्याचे कारण वाढतेच, असा माझा तर्क आहे. कच्च्या मालामागे धावण्याची आपली सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू मुंबईत येई. सरकारने अबकारीचे उत्पन्न राखण्यासाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच खास कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत निर्बंध घातले. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीचा भाग. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गावठी दारूची खरी भरभराट केली. प्रत्येक टप्प्यावर नजर राहिली ती फुलावर, गुळावर, नवसागरावर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असे लिहून तुम्ही हातभट्टीला निर्दोष ठरवत नाही का? नाही. भट्टीच्या दारूचे दोष पुष्कळ आहेत, फक्त ते वेगळे आहेत. क्लोराइडयुक्त आंबट रसायन आणि आम्लयुक्त वाफ पत्रा, जस्त आणि सांध्यांतले शिसे खाते. शिशाने मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. दर घाण्याला दारूची तीव्रता बदलते, म्हणून पिणाऱ्याला आपण किती घेतले ते कळत नाही. गल्लीत मान असलेल्या पहिल्या धारेच्या दारूत अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट सर्वांत जास्त असते. जाणता गाळणारा हा सुरुवातीचा भाग फेकून देतो. पण त्यावरून एक घातक समजूत पसरली आहे की पहिला भाग टाकला की मिथेनॉलही जाते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, साधे अल्कोहोल ७८.४ अंशांना, म्हणून हे सोपे वाटते. पाण्याच्या मिश्रणात मात्र ते असे सुबक वेगळे होत नाही, गाळण्याच्या आरंभापासून शेवटपर्यंत धारेत येत राहते. बाहेरून मिथेनॉल मिसळलेला माल भट्टीवर पुन्हा गाळून कुणी सुरक्षित करू शकत नाही. काडी लावून निळी ज्योत दिसली की माल चांगला, हीही अशीच समजूत. मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळते. या दोन समजुतींवर विसंबून माणसे आंधळी झाली आहेत.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा असतो. भट्टी फोडली तर निदान काही दारू कमी होते, मग त्यात चूक काय? चूक काही नाही, पण मृत्यू टाळण्याचे काम त्याने होत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि पोलिसांनी काळ्या गुळाचा हिशेब ठेवावा तितक्याच चिकाटीने मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा ठेवायला हवा: कारखान्यात किती आले, किती वापरले, टँकर कुठे थांबला, रिकामी पिंपे कुणी नेली. देशाला लागणारे बहुतांश मिथेनॉल आयात होते, म्हणजे ते मोजक्या बंदरांतून आणि मोजक्या साठ्यांतून देशात शिरते. गल्लीबोळातल्या गुळापेक्षा अशा वस्तूचा माग काढणे शक्य कोटीतले आहे. साठ्यावर आणि विक्रीवर परवान्याची अट आहेच. उणीव आहे ती पिंप दाराबाहेर पडल्यानंतरच्या नोंदीची. औद्योगिक मिथेनॉलला असह्य कडू चव देणारा पदार्थ मिसळण्याचा विचारही व्हावा. काही कारखान्यांच्या प्रक्रियेला त्याची अडचण होईल, त्यांना वेगळ्या परवान्याने सूट देता येईल. आणि गरीब माणूस पिशवीतली दारू घेतो ती स्वस्त म्हणून, हेही विसरू नये. परवान्याच्या देशी दारूचा कर वाढवताना तिजोरीबरोबर या किमतीच्या दरीचाही विचार व्हायला हवा.

दुर्घटना घडलीच तर सगळा भर पहिल्या दिवसावर असतो. मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. शरीर त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते, आणि ते आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. याला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात, सोबत साधी दारू घेतली असेल तर त्याहून जास्त. म्हणून रात्री प्यायलेला माणूस सकाळी उठतो, पोटात कळ येते, उलटी होते, डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते, आणि घरचे म्हणतात रात्रीची उतरली नाही, झोपू द्या. ही झोप घातक ठरते, कारण याच तासांत उपचार सर्वाधिक उपयोगी असतो: फोमेपिझोल हे महागडे औषध, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेले इथाइल अल्कोहोल, रक्तातले आम्ल उतरवणारा सोडा, आणि गंभीर रुग्णाला डायलिसिस. कांदिवलीचे शताब्दी किंवा घाटकोपरचे राजावाडी यांसारख्या पालिका रुग्णालयांत ही तयारी नेहमीची असावी, आणि वस्तीतल्या दवाखान्यांना कळलेले असावे की दारू प्यायलेल्या रुग्णाने धूसर दिसते असे सांगितले तर त्याला घरी न पाठवता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवायचे, आणि त्याच्यासोबत पिणाऱ्या बाकीच्यांनाही, त्यांना काहीही होत नसले तरी, शोधून आणायचे.